डेटा रेडिओ, लॉगर आणि संगणक तारेने कसे जोडायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘पाणी किती फुटांवर?’ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. नदीची पातळी, गगनबावड्याकडचा पाऊस, जॅकवेलवरच्या (नदीकाठच्या उपसा विहिरीवरच्या) मोटारीचा करंट असे आकडे लॉगरमधून (सेन्सरचे आकडे नोंदवून ठेवणाऱ्या यंत्रातून) ऑफिसातल्या संगणकापर्यंत आणायचे तर मोबाईलची रेंज नसलेल्या ठिकाणी डेटा रेडिओ, म्हणजे आकडे बिनतारी पाठवणारं यंत्र, लागतो. हे रेडिओ बसवण्याचं काम मी गेली काही वर्षं करतोय. फोन येतात ते बहुतेक ‘रेंज मिळत नाही’ असे. जागेवर जाऊन बघितलं तर हवेतला दुवा ठणठणीत असतो आणि दोष रेडिओ व लॉगर यांच्यामधल्या हातभर तारेत सापडतो. म्हणून हे पान त्या हातभर तारेवर आहे.

रेडिओ, लॉगर, लॅपटॉप तिन्ही समोर आहेत. सुरुवात कुठून करू?

टेबलावरून. खांबावर काहीही चढवण्याआधी सगळं एका खोलीत चालवून बघा. पहिल्यांदा रेडिओ मध्ये आणूच नका. लॅपटॉप आणि लॉगर नुसत्या केबलने एकमेकांशी बोलतात का ते बघा. ते जमलं की लॅपटॉप आणि पहिला रेडिओ, मग दुसरा रेडिओ आणि लॉगर, आणि सगळ्यात शेवटी हवेतला दुवा. एका वेळी एकच गोष्ट वाढवली तर बिघाड कोणत्या पायरीवर शिरला ते शोधावं लागत नाही.

टेबलावर दोन गोष्टी पाळा. अँटेना किंवा ५० ओहमचा डमी लोड लावल्याशिवाय रेडिओला वीज देऊ नका, कारण मोकळ्या तोंडाने प्रसारण केलं तर त्याचा शेवटचा टप्पा जळू शकतो. आणि दोन रेडिओ शेजारी-शेजारी असतील तर त्यांची ताकद सेटिंगमधून कमीत कमी करा, नाहीतर समोरच्याचा रिसीव्हर बधिर होतो आणि चांगला रेडिओ बिघडलेला वाटतो.

नऊ पिनांचं सॉकेट दिसलं म्हणजे ते आरएस-२३२ असणारच ना?

नाही, आणि इथेच सगळ्यात महागडी चूक होते. आरएस-२३२ ही तारेवरून एकामागून एक बिट पाठवण्याची, म्हणजे सीरियल जोडणीची, जुनी पद्धत. नऊ पिना हा नुसता आकार आहे, आत काय वाहतंय ते त्यावरून कळत नाही. कॅम्पबेल सायंटिफिकच्या बऱ्याच लॉगरवर एकसारखी दिसणारी दोन सॉकेटं शेजारी असतात. एकावर आरएस-२३२ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर सीएस आय/ओ, म्हणजे त्या कंपनीचा स्वतःचा पोर्ट. या दुसऱ्यात पिन १ वर ५ व्होल्ट आणि पिन ८ वर १२ व्होल्ट वीज असते, ग्राउंड पिन २ वर असतं, आणि डेटा ४ व ९ वर. तिथे लॅपटॉपची साधी सीरियल केबल खुपसली तर डेटा येणं सोडाच, पोर्ट जायची पाळी येते. त्या सॉकेटसाठी त्याच कंपनीची केबल किंवा इंटरफेस वापरा. सोयीची बाजू अशी की त्याच मालिकेचे काही रेडिओ थेट सीएस आय/ओला लागतात आणि वीजही तिथूनच घेतात.

तिसरा प्रकार टीटीएलचा, म्हणजे चिपच्या पिनांवरून थेट येणाऱ्या कमी व्होल्टच्या सीरियलचा. शिवाजी विद्यापीठातले किंवा इंजिनिअरिंग कॉलेजांतले विद्यार्थी स्वतः बनवलेला लॉगर घेऊन येतात, त्यात आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ हा छोटा नियंत्रक बोर्ड असतो. त्याच्या सीरियल पिना ५ किंवा ३.३ व्होल्टवर चालतात. आरएस-२३२ मध्ये उणे १२ व्होल्टपर्यंतचा दाब येऊ शकतो आणि तो त्या चिपला सोसत नाही. शिवाय दोन्हींचा अर्थही उलटा आहे: टीटीएलची लाइन शांत असताना वर असते, आरएस-२३२ ची ऋण असते. मधे व्होल्टेज बदलून देणारा मॅक्स-३२३२ चा छोटा बोर्ड घाला.

सरळ केबल लावू की क्रॉस? डीटीई, डीसीई ही भानगड काय आहे?

आरएस-२३२ चं मानक १९६० साली आलं तेव्हा जगात दोनच गोष्टी गृहीत धरल्या होत्या: एक टर्मिनल आणि एक मॉडेम. टर्मिनल म्हणजे डीटीई, मॉडेम म्हणजे डीसीई. नऊ पिनांच्या कनेक्टरवर डीटीई पिन ३ वरून बोलतं आणि २ वर ऐकतं. डीसीई बरोबर उलटं, २ वरून बोलतं आणि ३ वर ऐकतं. दोघांचं ग्राउंड ५ वर. म्हणून संगणक आणि रेडिओ यांच्यामध्ये सरळ केबल चालते, कारण संगणक डीटीई असतो आणि बहुतेक रेडिओ डीसीई असतात.

गोंधळ लॉगरपाशी होतो. लॉगर बनवणाऱ्याने विचार केलेला असतो की गिऱ्हाईक लॅपटॉप घेऊन येईल, म्हणून त्याने स्वतःचा पोर्ट डीसीई ठेवलेला असतो. कॅम्पबेलच्या सीआर-१००० चा आरएस-२३२ पोर्ट असाच आहे. आता तिथे रेडिओ लावला की डीसीईसमोर डीसीई. दोघंही पिन २ वर बोलतात, ३ वर कान लावून बसतात. इथे २ आणि ३ ची अदलाबदल केलेली केबल हवी, म्हणजे नल मॉडेम.

भोगावतीकाठच्या एका पाणी संस्थेत माझे दोन दिवस यात गेले. आधीच्या माणसाने रेडिओ बदलला होता, अँटेना दहा फूट वर नेली होती, तरी डेटा येत नव्हता. केबलवर ‘नल मॉडेम’ अशी चिठ्ठी होती म्हणून मीही तिच्यावर विश्वास ठेवला. शेवटी मल्टिमीटरने केबलची टोकं तपासली तर ती पिन-टू-पिन सरळ निघाली. तेव्हापासून विकत आणलेली प्रत्येक केबल मी मीटरवर वाजवून बघतो आणि दोन्ही टोकांना स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावतो. जेंडर चेंजर म्हणून मिळणारे, कनेक्टरचं नर-मादी टोक बदलणारे छोटे तुकडेही तपासा, त्यांतले काही आतून क्रॉस असतात.

मॅन्युअल हरवलंय. पोर्ट डीटीई आहे की डीसीई हे ओळखायचं कसं?

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. उपकरण चालू करा, केबल काढा. काळी प्रोब पिन ५ वर, लाल आधी २ वर आणि मग ३ वर टेकवा. शांत बसलेली आरएस-२३२ ची बोलणारी पिन ऋण असते, साधारण उणे ५ ते उणे १२ च्या मध्ये. ऐकणारी पिन शून्याच्या आसपास दिसते. ऋण दाब ३ वर असेल तर डीटीई, २ वर असेल तर डीसीई. नंतर केबल लावून तिच्या मोकळ्या टोकावर हेच मोजा, म्हणजे केबल सरळ आहे की क्रॉस तेही कळतं. दोन उपकरणं जोडताना नियम एकच: एकाची ऋण पिन दुसऱ्याच्या शून्य पिनेला गेली पाहिजे.

वीज वाचवणाऱ्या काही उपकरणांत समोर कुणी नसेल तर पोर्ट झोपतो आणि दोन्ही पिना शून्य दाखवतात. तेव्हा दुसरं उपकरण जोडलेलं ठेवून मोजा. आणि चुकून दोन बोलणाऱ्या पिना एकमेकींना जोडल्या गेल्या तर घाबरू नका, आरएस-२३२ चे ड्रायव्हर असा शॉर्ट सोसतील असेच बनवलेले असतात.

लूपबॅक म्हणजे काय, आणि ते करायलाच हवं का?

पाठवलेला डेटा दुसऱ्या टोकावरून स्वतःकडेच परत आणून बघणं म्हणजे लूपबॅक, आणि ते करायलाच हवं. केबलच्या लांबच्या टोकाला पिन २ आणि ३ तारेच्या तुकड्याने जोडा, लॅपटॉपवर टर्मिनलचा प्रोग्राम उघडा, लोकल एको (टाइप केलेलं तिथल्या तिथे दाखवणं) बंद ठेवा आणि काहीही टाइप करा. अक्षरं परत उमटली तर लॅपटॉप, कन्व्हर्टर, ड्रायव्हर आणि केबल चौघंही निर्दोष. तार काढल्यावर अक्षरं थांबली पाहिजेत, हे बघायला विसरू नका. पारदर्शक पद्धतीने, म्हणजे आलेलं जसंच्या तसं पुढे पाठवत, चालणाऱ्या रेडिओंत दूरच्या रेडिओच्या पोर्टवरही हेच करता येतं. शिये फाट्याजवळ बसून तुम्ही टाइप केलेलं अक्षर नदीपलीकडच्या पेटीतून परत आलं, की हवेतला दुवा सुद्धा सिद्ध झाला.

लॅपटॉपला सीरियल पोर्टच नाही. यूएसबी कन्व्हर्टर कोणता घ्यावा?

एफटीडीआयची चिप असलेला, जरा जास्त पैसे देऊन. स्वस्तातल्या काहींमध्ये प्रॉलिफिकच्या नकली चिप असतात, आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर त्यांना ओळखायला नकार देतो. मग कालपर्यंत चाललेला कन्व्हर्टर विंडोज अपडेटनंतर गप्प होतो. सीएच-३४० चिपवाले ऑफिसात चालतात, पण साइटवर मी ते एकट्याच्या भरवशावर नेत नाही. बॅगेत दोन वेगळ्या चिपचे कन्व्हर्टर ठेवा.

विंडोजवर कॉम पोर्टचा नंबर तुम्ही यूएसबीच्या कोणत्या भोकात खुपसता त्यावरही बदलू शकतो. डिव्हाइस मॅनेजर उघडून नंबर बघा, आणि नेहमी एकच भोक वापरा. लिनक्सवर पोर्ट दिसतोय पण उघडत नाही अशी तक्रार असेल तर तुमचं खातं डायलआउट गटात घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या.

रेडिओलाही यूएसबी आहे, लॉगरलाही यूएसबी आहे. दोघांना एकमेकांना लावू का?

लावून काही होणार नाही. यूएसबीमध्ये एक जण मालक असावा लागतो आणि दुसरा नोकर. बहुतेक लॉगर आणि रेडिओ दोघंही नोकर असतात, दोघांचीही यूएसबी लॅपटॉपने सेटिंग करण्यासाठी दिलेली असते. दोन नोकर समोरासमोर बसले तर बोलणं सुरूच होत नाही. रेडिओ आणि लॉगर यांना सीरियल पोर्टनेच जोडा.

बॉड रेट नेमका किती ठेवायचा?

बॉड रेट म्हणजे सेकंदाला किती बिट जातात तो वेग. रेडिओचा पोर्ट आणि त्याला तारेने जोडलेलं उपकरण यांचा वेग सारखा हवा. एवढीच सक्ती आहे. हवेतला वेग ही वेगळी सेटिंग असते, ती दोन्ही रेडिओंत सारखी हवी. पुष्कळ रेडिओंमध्ये ऑफिसकडचा पोर्ट ३८४०० वर आणि नदीकडचा ९६०० वर असला तरी चालतं, कारण आत बफर, म्हणजे डेटा तात्पुरता साठवायचा कप्पा, असतो.

तरी मी पहिल्यांदा सगळीकडे ९६००, ८ डेटा बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट असंच ठेवतो. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. पाणीपातळी आणि पाऊस यांना हे भरपूर झालं. पोर्टचा वेग हवेतल्या वेगापेक्षा फार जास्त ठेवला तर बफर भरून सांडतो, छोटे निरोप नीट येतात आणि मोठी फाइल उतरवताना मधेच तुटते. ही लक्षणं दिसली की रेंजच्या मागे लागू नका.

लॉगरवर ‘ऑटो बॉड’ असेल तर रेडिओ लावताना तो बंद करून ठराविक वेग बांधा. हवेतला कचरा अक्षर म्हणून आत आला की ऑटोवाला लॉगर भलत्याच वेगावर जाऊन बसतो. पडद्यावर चौकोन आणि चित्रविचित्र चिन्हं दिसली तर आनंद माना: तार बरोबर आहे, फक्त वेग किंवा पॅरिटी चुकली आहे. काहीच न दिसणं हे त्याहून वाईट.

तीनच तारा जोडल्यात. अक्षरं येतात, पण प्रोग्राम ‘पोर्ट तयार नाही’ म्हणतो.

त्या प्रोग्रामला हँडशेकच्या तारा हव्या आहेत. पिन ७ आरटीएस म्हणजे ‘पाठवू का?’, पिन ८ सीटीएस म्हणजे ‘पाठव’. सेटिंगमध्ये फ्लो कंट्रोल ‘नाही’ करा. तो पर्याय नसेल तर त्या टोकाला ७ आणि ८ आपसांत जोडा, आणि ४, ६, १ आपसांत. पण बफर सांडण्याची तक्रार असेल तर ही पळवाट घेऊ नका, खऱ्या पाच तारांची केबल ओढा.

रेडिओच्या सेटिंगमध्ये शिरता येत नाही.

सेटिंगच्या वेळचा बॉड रेट पुष्कळदा कामाच्या वेगाहून वेगळा असतो, आधी ते बघा. तीन अधिक चिन्हांनी आज्ञा-अवस्थेत जाणारे रेडिओ असतील तर चिन्हांच्या आधी आणि नंतर सेकंदभर पूर्ण शांतता लागते, आणि मागून एंटर दाबायचं नसतं. एंटर दाबायची बोटांना सवय असते, त्यामुळेच जमत नाही.

जॅकवेलवर मीटर आणि रेडिओ दोनशे मीटर लांब आहेत. आरएस-२३२ ओढू का?

नको. आरएस-२३२ ला पंधरा मीटरची मर्यादा धरा. त्यापुढे आरएस-४८५. यात एकाच तारेचा दाब ग्राउंडच्या तुलनेत मोजला जात नाही, पिळलेल्या दोन तारांमधला फरक मोजला जातो. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. म्हणून कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जाता येतं आणि एकाच जोडीवर ३२ साधी उपकरणं बसतात.

इथल्या पाणी संस्थांमध्ये फ्लो मीटर, वीज मीटर आणि स्टार्टर पॅनेल एकाच जोडीवर घेऊन शेवटी रेडिओ लावतात. पद्धत चांगली आहे, पण तार कशी नेली यावर सगळं अवलंबून असतं. एका मीटरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, अशी माळ करा. मधल्या पॅनेलमधून चारी दिशांना फांद्या फोडू नका. माळेच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावा. सगळी वीज बंद करून दोन तारांमध्ये ओहम मोजले तर साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक राहिलंय, ४० आले तर कुणीतरी मधल्या मीटरचा स्विचही चालू करून ठेवलाय. छोट्या माळेला, दहा-वीस मीटर आणि ९६०० वेग असेल तर, रेझिस्टर नसले तरी चालतं.

ए आणि बी या नावांवर भरवसा ठेवू नका. एका कंपनीची ए दुसऱ्या कंपनीची बी असते. उत्तर येत नसेल तर दोन तारांची अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही. तिसरी तार, म्हणजे सिग्नलचं ग्राउंड, मात्र न्याच. ‘दोनच तारा लागतात’ असं ऐकून ती गाळली जाते आणि मोटार सुरू झाली की डेटा बंद पडतो.

मोटारीवरून आठवलं. व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह, असेल तर डेटाची केबल आणि मोटारीची केबल एका पाइपातून नेऊच नका. दोघींमध्ये हातभर अंतर ठेवा, ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा, आणि डेटा केबलची जाळी एकाच टोकाला अर्थ करा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतही मला हीच चूक सारखी दिसते. तिथे भट्ट्या आणि मोठ्या मोटारींचा गोंगाट नदीकाठापेक्षा कितीतरी जास्त असतो.

अँटेना उंच हवी आहे. रेडिओ खाली ठेवून अँटेनाची केबल लांब करू, की रेडिओ वर नेऊन डेटाची केबल लांब करू?

बहुतेक वेळा दुसरं. आरजी-५८ जातीची बारीक अँटेना केबल ८६५ मेगाहर्ट्झला वीस मीटरमध्ये नऊ-दहा डेसिबल खाते, म्हणजे वर पोचेपर्यंत ताकदीचा दहावा हिस्सा उरतो. एलएमआर-४०० सारखी जाड केबल तेवढ्याच लांबीत अडीच डेसिबलच्या आसपास खाते, पण ती महाग आणि वाकवायला कठीण. त्यापेक्षा रेडिओ खांबावर पेटीत बसवा, अँटेनाची केबल मीटर-दोन मीटर ठेवा आणि खाली आरएस-४८५ ची जोडी आणि १२ व्होल्ट आणा. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. ऊस वाढला की तीन मीटरच्या पुढे जातो आणि पावसात ओल्या पाल्यातून सिग्नल जाताना मार खातो. फेब्रुवारीत ऊस तुटलेला असताना चाललेला दुवा ऑगस्टमध्ये बसतो तो यामुळे, म्हणून अँटेना उसाच्या शेंड्यांच्या बऱ्याच वर हवी.

इथरनेटचा पोर्ट असलेला रेडिओ घेतला तर या सगळ्यातून सुटका होईल का?

पिना आणि क्रॉस केबल यांच्यातून सुटका होते, आयपी पत्ता गळ्यात पडतो. लॅपटॉपला रेडिओच्याच मालिकेतला पत्ता हाताने द्या: रेडिओ १९२.१६८.०.१ असेल तर लॅपटॉप १९२.१६८.०.५०, आणि मास्क २५५.२५५.२५५.०. लॅपटॉपचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला कुणी पत्ता दिलाच नाही असं समजा. काम झाल्यावर लॅपटॉप पुन्हा आपोआप पत्ता घेण्यावर ठेवा, नाहीतर ऑफिसात इंटरनेट बंद पडल्याची ओरड होते.

सॉकेटचा आकार इथेही फसवतो. आरजे-४५ म्हणजे इथरनेटच असं नाही. कॅम्पबेलच्या सीआर-१०००एक्सवर इथरनेटच्या जोडीला तसंच दिसणारं आरएस-२३२ आणि सीपीआयचं (त्याच कंपनीच्या जोडउपकरणांसाठीचं) सॉकेट आहे, आणि काही रेडिओंची सीरियल सेटिंगही अशाच सॉकेटमधून होते. तिथे पॅसिव्ह पीओईची, म्हणजे डेटाच्या केबलमधूनच वीज देणारी, तार लावली तर २४ व्होल्ट थेट सीरियल चिपमध्ये जातात. सोलरवरच्या साइटला इथरनेट शक्यतो टाळा, वीज जास्त खातं.

डेटाच्या केबलमधूनच रेडिओला वीज मिळेल ना?

साध्या आरएस-२३२ मधून नाही. १२ व्होल्टची वेगळी जोडी न्या आणि ती बारीक घेऊ नका. एक वॅटचा रेडिओ प्रसारण करताना अर्ध्या अँपिअरच्या पुढे जाऊ शकतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार दहा मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन वीस मीटर, सुमारे ०.७ ओहम. एक अँपिअरला ०.७ व्होल्ट तिथेच गळाले. बॅटरी आधीच साडेअकराला आलेली असली तर रेडिओ बोलायला तोंड उघडतो आणि रीसेट होतो. ऐकतो सगळं, बोलत नाही. हे लक्षण दिसलं की प्रसारणाच्या क्षणी रेडिओच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, बॅटरीवर नको.

सोलरचा हिशेब पावसाळ्यावर करा. नुसता ऐकत बसलेला रेडिओ ७५ मिलिअँपिअर घेत असेल तर दिवसाला १.८ अँपिअर-तास होतात. ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीतले निम्मे वापरायचे म्हटले तर दोन दिवसांत संपले. गगनबावड्याकडे जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. लॉगरच्या नियंत्रित १२ व्होल्ट टर्मिनलवरून रेडिओला वीज द्या आणि प्रोग्राममध्ये तासाला पाचच मिनिटं तो चालू करा. तेच १.८ मग ०.१५ वर येतात. पूर येण्याच्या वेळी मात्र दर तासाचा आकडा पुरत नाही, म्हणून पातळी ठराविक रेषेच्या वर गेली की रेडिओ सतत चालू राहील अशी अट प्रोग्राममध्ये घाला.

तारेवर मॉडबस नीट चालतं, रेडिओ मधे आला की वेळ संपल्याची चूक येते.

मॉडबस म्हणजे मीटरला आकडे विचारायचा ठरलेला नियमसंच; तो १९७९ सालचा आहे, तारेसाठी बनलेला. त्याच्या आरटीयू प्रकारात निरोप संपला हे शांततेवरून ओळखतात: साडेतीन अक्षरांएवढी शांतता म्हणजे पूर्णविराम. ९६०० ला ती जेमतेम ४ मिलिसेकंद होते. रेडिओने एकच निरोप दोन तुकड्यांत पाठवला आणि मधे त्याहून जास्त फट पडली, तर मीटर समजतो निरोप संपला, चूक तपासायची बेरीज जुळत नाही, आणि तो गप्प बसतो. रेडिओत मॉडबसची सेटिंग असेल तर ती लावा. नसेल तर पॅकेटचा आकार २५६ बाइटपर्यंत वाढवा, म्हणजे अख्खा निरोप एकत्र जाईल. संगणकावर उत्तराची वाट पाहण्याचा वेळ दोन-तीन सेकंद ठेवा. पॅरिटीही बघा: मॉडबसचा मूळ रिवाज सम पॅरिटीचा आहे, आणि सगळे रेडिओ पॅरिटी पुढे नेत नाहीत. शक्य असेल तर मीटरच बिनपॅरिटीचा करा.

वळीव आला की पोर्ट जळतात. काय करावं?

एप्रिल-मेच्या वळवात माझ्या साइटवरचे सगळ्यात जास्त पोर्ट गेलेत, आणि त्यांपैकी एकावरही वीज थेट पडली नव्हती. जवळपास वीज पडली की दोन ठिकाणच्या जमिनीचा दाब क्षणभर वेगळा होतो आणि तो फरक भरून काढायला करंट तुमच्या डेटा केबलच्या ग्राउंडमधून धावतो. म्हणून अँटेनाचा अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा), पेटी, लॉगर आणि सोलरची चौकट सगळ्यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी आणा. पंपहाउस आणि ऑफिस अशा दोन वेगळ्या इमारती तारेने जोडायच्या असतील तर मधे ऑप्टिकल आयसोलेशन (दोन्ही बाजू तारेने न जोडता डेटा प्रकाशाने नेणं) असलेला कन्व्हर्टर घाला. पोर्ट एकदा जळाल्यावर तो का गेला हे शोधण्यापेक्षा हा खर्च कमी आहे.

यासोबत लॅपटॉपच्या चार्जरचंही सांगतो, कारण ते कुणी लिहीत नाही. शेतातल्या खोलीत अर्थिंग नसलेल्या दोन पिनांच्या प्लगमध्ये चार्जर असेल तर लॅपटॉपचं ग्राउंड शंभराच्या वर व्होल्टवर तरंगू शकतं. धातूच्या बाजूला हात लागला की झिणझिण्या येतात ते हेच. तसा लॅपटॉप लॉगरला जोडताना पहिला स्पर्श डेटा पिनेचा झाला तर पोर्ट गेला. चार्जर काढा, केबल जोडा, बॅटरीवर काम करा.

परदेशातून ९०० मेगाहर्ट्झचे रेडिओ स्वस्त मिळतायत. घेऊ का?

घेऊ नका. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झ मोकळं आहे, आपल्याकडे ८९० ते ९१५ मध्ये मोबाईल फोन टॉवरशी बोलतात. आपल्याकडे विनापरवाना पट्टा आहे तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, २००५ पासून: कमाल १ वॅट प्रसारण, अँटेना धरून ४ वॅट, आणि २०० किलोहर्ट्झ रुंदी. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. विकत घेताना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचं ईटीए, म्हणजे उपकरणाच्या मंजुरीचं, प्रमाणपत्र मागून घ्या. पोर्ट आणि केबलच्या बाबतीत दोन्ही रेडिओ सारखेच असतात, म्हणून विकणारा हा फरक सांगत नाही.

पाणी वाढायला लागलं की मोटारींबरोबर पेटीही काढावी लागते. परत लावताना चुका होतात, त्या कशा टाळायच्या?

ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर मी जोडणीची पद्धतच बदलली. स्क्रू टर्मिनलमध्ये सुट्या तारा घालणं बंद केलं आणि उपटून काढता येतील असे कनेक्टर लावले. वीज, डेटा आणि सेन्सर यांना वेगवेगळ्या पिनांचे कनेक्टर, म्हणजे अंधारात, पावसात, घाईत सुद्धा एकाचं दुसऱ्यात जाणार नाही. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना नंबराची नळी, आणि पेटीच्या झाकणाच्या आतून जोडणीचा प्लास्टिक केलेला कागद: कोणता पोर्ट, कोणता वेग, केबल सरळ की क्रॉस, रेडिओचा नेटवर्क क्रमांक आणि पत्ता. लॉगरचा प्रोग्राम आणि रेडिओची सेटिंग यांची प्रत ऑफिसातल्या संगणकात ठेवा.

काढण्याचा क्रम ठरवून ठेवा. आधी सोलर, मग बॅटरी, मग डेटा, आणि अँटेना सगळ्यात शेवटी. लावताना बरोबर उलटा. केबल पेटीत खालच्या बाजूने घ्या आणि आत शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून गळेल. ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथलं बूच) घट्ट करा, कारण पुराचं पाणी गेलं तरी उंदीर आणि मुंग्या राहतात. पेटी परत बसवण्याआधी नऊ पिनांचे कनेक्टर उघडून बघा. हिरवट थर दिसला तर ते बदला, घासून वापरू नका. आणि बॅगेत पिन २ व ३ जोडलेला लूपबॅकचा एक तयार प्लग ठेवा, खांबाखाली उभं राहिल्यावर पहिल्यांदा तोच लागतो.